एक मांडणी, चार तास

कारखान्यात तिला तोंडावर मास्तरीणबाई म्हणत आणि पाठीमागे डावरी. ती दोन्हींना 'ओ' द्यायची. कोट शिवायच्या त्या कारखान्यात कापड बेतणारी आणि कापणारी मास्तर म्हणून ती एकटी बाई, आणि डाव्या हातानं कापणारी तर त्या अख्ख्या रस्त्यात एकटी. शाळेत असताना तिचा डावा हात बाकाला बांधून ठेवत, उजव्यानं लिहायला लागावं म्हणून. ती लिहायला लागली उजव्यानं, पण बाकी सगळं डाव्यानंच करत राहिली. "लिहिण्यापुरता हात शाळेला दिला," ती म्हणायची, "दुसरा माझा."

तिची कात्री खास घडवून घेतलेली होती. पाती उलटी, अंगठ्याचं कडं उलट्या बाजूला. उजव्या हाताच्या माणसानं ती धरली की कापड चेंगरायचं, कापलं जायचं नाही. इस्त्रीवाले काका सगळ्यांना सांगायचे, "ती कात्री नाही, मास्तरीणबाईंचा दुसरा नवरा आहे. दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही."

"पहिल्याला रोज धार लावावी लागते, काका," मास्तरीणबाई कापडावरून मान वर न करता म्हणायची. "हिला महिन्यातून एकदा पुरते."

हा पहिला नवरा म्हणजे काजवालीचा थोरला भाऊ. काजवाली, म्हणजे कोटांना काजं पाडायच्या मशीनवर बसणारी. मास्तरीणबाई तिची वहिनी. सात वर्षांपूर्वी वहिनीनंच तिला कारखान्यात आणलं, मशीनवर बसवलं, पहिल्या महिन्यात तिनं पाडलेली वाकडी काजं गुपचूप उसवून पुन्हा पाडून दिली. दोघी एका घरात राहायच्या, एकाच डब्यातलं खायच्या, आणि दिवसभर एकमेकींना टोमणे मारायच्या. ते टोमणे ऐकू आले नाहीत तर काका इस्त्री बाजूला ठेवून विचारायचे, "काय गं, आज उपास का?"

वहिनीचा एक नियम होता. एक मांडणी, एक हात. टेबलावर कापडाचे थर एकावर एक पसरले, चिमटे लावले, खडूनं आखलं, की ज्या हातानं पहिला काप घेतला त्याच हातानं शेवटचा घ्यायचा, आणि तोही त्याच बैठकीत. मध्ये हात बदलला की कड बदलते. मध्ये थांबलं की पसरलेलं कापड आखडतं, खालचा थर वरच्याशी भांडायला लागतो. साध्या कापडाला हे एक वेळ चालून जाईल, पण चौकडीच्या कापडाला नाही. चौकडीत पाठीची रेघ बाहीच्या रेघेला मिळालीच पाहिजे, नाहीतर कोट घातलेला माणूस मधोमध चिरून चुकीचा जोडल्यासारखा दिसतो.

त्या दिवशीचं कापड चौकडीचंच होतं. एका मोठ्या हॉटेलच्या नोकरांचे कोट, जाड लोकरी कापड, सहा थर. आदल्या दिवशी मालकीणबाई टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. कापायचं मशीन येणार आहे, म्हणाल्या. वहिनीच्या हातातल्या कात्रीकडे बघत म्हणाल्या, "चौकडी जुळवायला त्याला जरा जड जातं म्हणतात. बघू."

काजवालीचं डोकं तडकलं. ती मशीनवरूनच ओरडली, "मशीन यायचं तेव्हा येईल! उद्या दुपारच्या आत माझी वहिनी सगळी मांडणी कापून तुमच्या हातात देते की नाही बघा!"

मालकीणबाई हसल्या आणि गेल्या. वहिनी म्हणाली, "वन्सं, तुझी जीभ त्या मशीनला लाव. काजं चांगली पडतील."

पण तिला ते आवडलं होतं. काजवालीला ते कळलं होतं.

थंडीचे दिवस होते. थंडीत दरवर्षी वहिनीचा डावा हात दुखायचा, मनगटापासून खांद्यापर्यंत. कारखान्यात त्याला 'कात्रीदुखी' असं नावच पडलं होतं, आणि त्यावरचा इलाज सगळ्यांना पाठ होता. काकांनी इस्त्रीच्या टेबलावर फडकं गरम करायचं, काजवालीनं बाम चोळायचा, आणि कापडाच्या कडेची निघालेली पट्टी दंडाला घट्ट बांधायची. अर्ध्या तासात हात पुन्हा चालू. बावीस वर्षं असंच चाललं होतं, बाम चोळणारे हात तेवढे सात वर्षांपूर्वी काजवालीचे झाले.

म्हणून सकाळी आठला, पहिला काप घेऊन झाल्यावर, वहिनी म्हणाली, "वन्सं, आज कात्री रुसलीय," तेव्हा काजवालीनं बामची डबी काढली, एवढंच.

"कुठे दुखतंय?"

"खांद्यापासून. आणि इथे, जबड्यातही."

"जबड्यात? काल दादाशी भांडलीस का?"

"भांडले असते तर त्याचा जबडा दुखला असता."

काका गरम फडकं घेऊन आले. काजवालीनं बाम चोळला. दंड नेहमीसारखा कडक नव्हता, उलट मऊ, थंड आणि ओलसर लागला. तिनं पट्टी बांधली. "घट्ट झाली का?"

"अजून आवळ."

नऊच्या सुमारास वहिनी म्हणाली, छातीत जळजळतंय, सकाळचा चहा बाधला. काजवालीनं पिशवीतून जळजळीची गोळी काढून दिली. साडेनऊला काका येऊन दोन मिनिटं उभे राहिले. "मास्तरीणबाई, तुमचा चेहरा चुना लावलेल्या भिंतीसारखा दिसतोय."

"तुमच्या भिंतीला चुना कधी लावणार, काका?"

काका हसले, पण गेले नाहीत. मग काजवालीकडे बघून हळूच म्हणाले, "बसव तिला जरा."

काजवाली मशीन सोडून टेबलाशी आली. "वहिनी, बस थोडी."

"बसले तर कापड आखडेल."

"आखडू दे."

"आखडू दे?" वहिनीनं तिच्याकडे पाहिलं. "काल मालकीणबाईंना कोण ओरडून सांगत होतं? शेजारीण?"

तिथे काजवाली आणखी काही बोलू शकली असती. कात्री हिसकावून घेऊ शकली असती. तिनं केलं काय, तर टेबलाच्या पलीकडे जाऊन दोन्ही तळव्यांनी कापड दाबून धरलं, म्हणजे वहिनीला उजव्या हातानं जोर लावायला नको. "चल," ती म्हणाली, "दोघी मिळून संपवू, मग दवाखान्यात जाऊ."

आणि मग दोन तास ती तशीच उभी राहिली. समोर कात्री येत होती, थांबत होती, पुन्हा येत होती. वहिनी मध्येच टेबलावर कोपर टेकायची, डोळे मिटायची, ओठ हलवत काहीतरी मोजायची. एकदा तिच्या कपाळावरून घामाचा थेंब कापडावर पडला. खिडकीच्या काचांवर धुकं होतं, काका इस्त्रीवर हात शेकत होते, आणि हिला घाम.

"पूस तो," वहिनी म्हणाली. "डाग पडेल."

काजवालीनं तो बाहीनं पुसला. काहीतरी चुकतंय हे तिला त्याच वेळी कळलं होतं. पुढे कितीतरी दिवस ती स्वतःला सांगत राहिली की तेव्हा कळलं नव्हतं. पण कळलं होतं.

बाराला दहा मिनिटं असताना शेवटचा काप झाला. वहिनीनं कात्री टेबलावर ठेवली, मापात ठेवावी तशी सरळ, आणि टेबलाच्या पायाला धरून खाली बसली. मग ओकली. मग म्हणाली, "वन्सं, मला श्वास मिळत नाहीये गं."

माल पोचवायच्या गाडीत कोटांच्या गठ्ठ्यांवर आडवी करून तिला दोन गल्ल्या पलीकडच्या छोट्या रुग्णालयात नेलं. दादा तिथून जवळच एका इमारतीत वायरिंगचं काम करत होता. तो धावतच आला, खिशात टेस्टर तसाच. आत वहिनीच्या छातीला वायरी लावल्या होत्या, आणि यंत्रातून कागदाची पट्टी बाहेर येत होती. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, केस घट्ट बांधलेले, बोलणं भरभर. त्यांनी वहिनीला एक गोळी चावायला लावली, पट्टी वाचली आणि वळून विचारलं, "हार्ट अटॅक आहे. दुखायला कधी सुरुवात झाली?"

वहिनीच्या तोंडावर प्राणवायूचा मास्क होता. डोळे मिटलेले.

काजवालीनं दादाकडे पाहिलं. अटॅक हा शब्द ऐकून तो भिंतीला टेकला होता आणि तिच्याकडेच बघत होता, जणू आता ती काय म्हणेल त्यावर सगळं अवलंबून आहे.

"तासभर झाला असेल," काजवाली म्हणाली.

"नक्की?"

"हो. जेमतेम."

"मग ठीक. इथेच गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देऊ. सुरुवातीच्या दोन-तीन तासांत ते चांगलं लागू पडतं. रक्त घ्या हिचं, तपासणी लावा, औषध काढा."

त्यानंतरची पंचवीस मिनिटं काजवालीनं दाराशी उभं राहून काढली. आत नर्स यादी घेऊन विचारत होती, कधी ऑपरेशन झालंय का, कुठे रक्तस्राव झाला होता का, डोक्याला मार लागला होता का. दादा सगळ्याला "नाही, नाही" म्हणत होता. औषधाची कुपी ट्रेमध्ये ठेवलेली तिला दिसत होती. सांगावं असं तिच्या ओठांवर दहा वेळा आलं. पण एक तास सांगून झाला होता, आणि सांगून झालेला तास परत कसा घ्यायचा ते तिला कळेना.

डॉक्टरीणबाई रक्ताचा कागद घेऊन आल्या. ट्रेकडे हात गेला आणि थांबला.

"तुम्ही तासभर म्हणालात ना?"

"हो."

"हृदयाच्या स्नायूच्या पेशी फुटल्या की त्यांच्यातलं एक प्रथिन रक्तात उतरतं. त्याला वेळ लागतो. एका तासात ते इतकं वाढत नाही." त्यांनी आवाज चढवला नाही. "पट्टीही तेच सांगतेय. मला खरी वेळ सांगा. गुठळी जुनी झाली असेल तर हे औषध तितकं काम करत नाही, आणि रक्तस्रावाचा धोका तेवढाच राहतो. मग तिला मोठ्या रुग्णालयात न्यायचं आणि तारेनं हृदयाची बंद झालेली नळी उघडायची. मला ठरवायचंय. आत्ता."

"आठला," काजवाली म्हणाली. "सकाळी आठला."

"चार तास?" दादा म्हणाला.

तिनं मान हलवली.

"चार तास दुखत होतं, आणि तू तिथे होतीस?"

"होते."

"काय करत होतीस?"

"कापड धरलं होतं."

दादानं तोंड फिरवलं. डॉक्टरीणबाईंनी गाडी बोलवायला सांगितलं.

रुग्णवाहिकेत त्या स्वतः बसल्या, एक डोळा यंत्राच्या पडद्यावर. दादा पुढे चालकाशेजारी. मागे काजवाली वहिनीच्या पायांशी. मोठं रुग्णालय चाळीस मिनिटांवर होतं. वहिनीला वेदनेवरचं औषध दिलं होतं. ती मधूनच पुटपुटत होती. एकदा स्पष्ट म्हणाली, "खिशावरची पट्टी कापायची राहिली," आणि पुन्हा डोळे मिटले.

"डॉक्टर," काजवालीनं विचारलं, "एका तासाचा आणि चार तासांचा असा कितीसा फरक पडतो?"

त्यांनी तिच्याकडे एकदा पाहिलं. रागवाव्यात असं तिला वाटत होतं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुमचा हात दमला की तुम्ही तो खाली ठेवता," त्या म्हणाल्या. "हृदयाला खाली ठेवायची सोय नाही. त्याच्या पेशींकडे साठाही नसतो. रक्त येणार, त्यातला प्राणवायू लगेच वापरणार, आवळणार, सैल होणार, दिवसाला लाखभर वेळा. नळी बंद झाली की मिनिटाभरात त्या भागातल्या पेशी आवळायचं सोडून देतात."

"मरतात?"

"नाही. आधी काम टाकतात आणि नुसता जीव धरून राहतात. प्राणवायूशिवाय जमेल तेवढं जाळतात. त्यातून आत आम्ल साठत जातं. छातीत कळ येते ती बरीचशी त्यामुळे." त्या थांबल्या, पडद्यावर काहीतरी पाहिलं, पुढे म्हणाल्या, "मग शक्ती इतकी संपते की पेशीच्या कडेवरचे पंप बंद पडतात. बाहेर ठेवायचं मीठ आत शिरतं, त्यामागून पाणी शिरतं, कॅल्शियम शिरतं. पेशी फुगते. वीसेक मिनिटांनी पहिल्या पेशींची कड फाटायला लागते. त्या गेल्या. पुन्हा उगवत नाहीत. तिथे नुसता व्रण राहतो."

"सगळ्या एकदम?"

"एकदम नाही. हृदयाच्या भिंतीच्या आतल्या बाजूनं सुरुवात होते. मग दर तासाला मरण बाहेरच्या बाजूला सरकत जातं. सहाएक तासांत भिंत आरपार जाऊ शकते. म्हणून तास विचारते मी."

"थराथरानं," काजवाली पुटपुटली.

"हो. पण सगळं गेलं असं समजू नका. काही पेशी जिवंत असतात, नुसत्या सुन्न पडलेल्या. रक्त परत आलं तर त्या जाग्या होतात, काही दिवसांनी, काही आठवड्यांनी. रक्त परत येतानाही थोडं नुकसान करतंच. उपाशी पेशींना अचानक आलेला प्राणवायूही सोसत नाही. पण आणायलाच हवा."

"त्या पंचवीस मिनिटांत किती गेल्या? मी खोटं सांगितलं त्या?"

गाडी एका वळणावर कलली, वहिनीचा डावा हात पट्ट्याबाहेर घसरला, आणि डॉक्टरीणबाईंनी तो उचलून तिच्या पोटावर ठेवला. दंडाला अजून कापडाची पट्टी बांधलेली होती, काजवालीनं आवळलेली. डॉक्टरीणबाईंनी खिशातली छोटी कात्री काढून ती कापून टाकली.

"ते मोजता येत नाही," त्या म्हणाल्या.

तारेनं नळी उघडली. वहिनी वाचली. आठ दिवसांनी घरी आली, मापानं चालायची, मापानं बोलायची, अर्धी वाटी भात खाऊन दमायची. कारखान्यातून काका येऊन गेले. चौकडी अशी जुळलीय की मालकीणबाई कोट उलटेसुलटे करून बघत बसल्या, म्हणाले. वहिनी हसली. काजवालीला ते ऐकवेना. ती उठून आत गेली.

दादा तिच्याशी बोलत नव्हता. भांडला असता तर तीही भांडली असती. तो फक्त तिच्याकडून काही घ्यायचा नाही. तिनं पुढे केलेला चहा वहिनीकडे सरकवायचा, वहिनीच्या गोळ्यांची डबी तिच्या हातातून न घेता ती टेबलावर ठेवेपर्यंत वाट बघायचा. "अरे, हे काय चालवलंयस?" वहिनी म्हणायची. तो म्हणायचा, "कुठे काय?"

सहा आठवड्यांनी त्याच छोट्या रुग्णालयात, दुसऱ्या मजल्यावर, वहिनीच्या हृदयाची सोनोग्राफी झाली. लिफ्ट त्या दिवशी बंद होती. वर चढताना वहिनी चार वेळा थांबली. दादा खाली औषधांच्या रांगेत उभा होता. आत फक्त काजवाली.

पडद्यावर करडं काहीतरी उघडमीट करत होतं. डॉक्टरीणबाईंनी बोट ठेवलं. "ही भिंत बघा. तेव्हा हा सगळा भाग हलत नव्हता. आता इथपर्यंत हलतोय. म्हणजे या सुन्न होत्या, जाग्या झाल्या."

"आणि ही टोकाची जागा?" वहिनीनं पडल्या पडल्या विचारलं. कापडाचा दोष ती जशी लगेच पकडायची तशी. "ती तर नुसती ओढली जातेय. स्वतः काहीच करत नाही."

"ती गेली."

"परत नाही?"

"नाही."

वहिनीनं मान हलवली. कात्री धरायची का, हे तिनं विचारलं. मोठी नको, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जाड कापड नको, आणि थोडंही दुखलं तर लगेच इथे यायचं, अंगावर काढायचं नाही. "तुमच्याकडे आता वाया घालवायला शिल्लक नाहीये," असं त्या म्हणाल्या, आणि मग, बोलणं जरा कडक झालं असं वाटून, हसल्या.

उतरताना पहिल्या मजल्याच्या वळणावर वहिनी कठड्याला धरून थांबली. काजवाली एक पायरी खाली.

"वन्सं."

"बोल."

"तुझ्या दादाला सांगू नकोस."

"काय?"

"परवा बादली उचलताना पुन्हा आलं होतं. तसंच, जबड्यात."

"आणि आत्ता वर बाईंना का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर पुन्हा आत टाकलं असतं. पुन्हा वायरी. तो बघ कसा झालाय, रात्र रात्र जागा असतो, मी श्वास घेते का ऐकत. माझ्यानं नाही बघवत गं." तिनं काजवालीचा हात धरला. "त्याला वाटतं सगळं तुझ्यामुळे झालं. माझंच चुकलं होतं, मी सांगेन त्याला. पण हे नको सांगूस. एवढं ठेव पोटात."

खालून दादाचा आवाज आला. "झालं का गं?" तो वहिनीला विचारत होता.

काजवालीनं वहिनीकडे पाहिलं. ओठांभोवती बारीक घाम होता, की उतरल्याची धाप, ते कळत नव्हतं. हे सांगितलं तर वहिनी आठ दिवस तिच्याशी बोलणार नाही. दादा म्हणेल, पुन्हा तूच, आणि पुन्हा इतक्या उशिरा सांगतेस.

"किती वेळ दुखलं?" तिनं विचारलं.

"पाच मिनिटं."

"वहिनी."

वहिनीनं नजर चुकवली. "अर्धा तास असेल. घड्याळ नाही बघितलं."

"बस इथे," काजवाली म्हणाली. "पायरीवर. उठू नकोस."

"वन्सं, माझी शपथ आहे तुला."

"बस म्हणते ना!"

जिन्यात तो आवाज इतका मोठा झाला की वरच्या मजल्यावरून कुणीतरी डोकावलं. वहिनी बसली. काजवालीनं कठड्यावरून वाकून खाली हाक दिली, "दादा, वर ये! तिच्याजवळ बस! तिला पुन्हा दुखलंय, परवा, अर्धा तास, आणि आम्ही वर सांगितलं नाही!"

आणि तो काय म्हणतो हे ऐकायला न थांबता ती दोन-दोन पायऱ्या चढत वर पळाली.